फॅमिली डॉक्टरांना मनाचं कधी शिकवणार?

आज डोकं सणकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

ओळखीतल्या एका डॉक्टरांकडे गेले होते. टेबलावर रविवारच्या सीएमईचं, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमाचं कार्ड. मधुमेह, गुडघेदुखी, केस गळणे, मग जेवण. मनाच्या आजारांवर अर्धा ताससुद्धा नाही. विचारलं तर म्हणाले, "ते सायकियाट्रिस्टचं काम. आम्ही चिठ्ठी देतो की."

चिठ्ठी! माझ्या मावशीला कुणी अशी चिठ्ठी दिली असती, तर तिने ती घडी घालून देवघरातल्या डब्यात ठेवली असती. तालुक्याच्या गावात 'वेड्यांच्या डॉक्टर'कडे जाताना कुणी पाहिलं तर? संपलंच.

काका गेले आणि तिची छाती धडधडायला लागली. झोप नाही, अन्न जाईना. साडीच्या दुकानाच्या पिशवीत रिपोर्ट कोंबलेले, ईसीजीच्या पट्ट्यांवरच्या रेषा पार पुसट झालेल्या. सगळं नॉर्मल. दर वेळी ॲसिडिटीची गोळी, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आणि "टेन्शन घेऊ नका". हा काय उपचार झाला?

बरं, हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. शेजारी गोव्यात 'मानस' नावाचा प्रयोग झाला, 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लोकांच्या नेहमीच्याच दवाखान्यात एक प्रशिक्षित समुपदेशक बसवला. तो डॉक्टर नव्हे, तिथलाच साधा माणूस. त्याने पेशंटशी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरांनी गोळी द्यायची, अवघड केसला मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी. सरकारी आरोग्यकेंद्रांत लोक बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, मान्य. म्हणून सोडून द्यायचं?

डॉक्टरांना तरी किती बोलणार? इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराला मिळतात 2 आठवडे. बाहेर बाकांवर ताटकळलेली माणसं, एकेकाला पाच मिनिटं. वेळ नसतो हे खरंय.

पण मावशीला लागली ती पाचच मिनिटं. तिचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, त्यांच्या जागी फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं पुढचं शिक्षण केलेली एक तरुण मुलगी बसली होती. तिने बीपी घेतलं, पट्टा सोडता सोडता विचारलं, "काकू, काका गेल्यावर घरात कुणाशी बोलता?" मावशी तिथेच रडली. आम्हा भाच्यांसमोर कधी रडली नव्हती. पुढचं सगळं त्याच दवाखान्यात झालं. त्याच बाकावर बसून, त्यामुळे कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता.

त्या मुलीला हे कुणीतरी शिकवलं होतं. नुसत्या चांगुलपणाने येत नाही ते. आपल्या माणसांचा फॅमिली डॉक्टरवर जेवढा जीव असतो तेवढा कुठल्या स्पेशालिस्टवर नसतो. सुनेचं, दारूचं, कर्जाचं, सगळं त्याच टेबलाशी निघतं. तिथे ऐकणारा तयारीचा नको?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला 5 वर्षांत अशा सीएमईंचे 30 क्रेडिट लागतात ना? त्यातले काही मनाच्या आजारांसाठी सक्तीचे करा, तेही नुसत्या भाषणांचे नकोत, समुपदेशकाशेजारी बसून पेशंट बघण्याचे. या मागणीचं पत्र लिहायला घेतलंय. माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या ज्या डॉक्टरांना पटतंय त्यांनी सहीसाठी इनबॉक्समध्ये या. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली कारण लिहा, फक्त "वेळ नाही" हे सोडून.