आधी व्हिसा, मग खोली

‘परदेशात विमान बदलताना मधे रात्र आली, तर विमानतळाजवळच्या साखळी हॉटेलात खोली घ्यावी आणि निश्चिंत झोपावे’ हा लेखातील सल्ला भारतीय पासपोर्टधारकांसाठी अपुरा आहे. अशी बहुतेक हॉटेले इमिग्रेशनच्या पलीकडे असतात. त्या देशात प्रवेशाचा व्हिसा नसेल, तर खोलीचे आरक्षण हातात असूनही रात्र टर्मिनलमधल्या बाकावर काढावी लागते. नाशिकहून मुलांकडे परदेशी निघालेले आईवडील कसारा घाट उतरून मुंबईचे विमानतळ गाठेपर्यंतच अर्धे दमलेले असतात, त्यामुळे त्यांचे तिकीट काढण्यापूर्वीच हॉटेल आत आहे की बाहेर, हे पाहायला हवे. योटेलएअर ही एकच साखळी घ्या: ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर ते आत आहे, सिंगापूरच्या चांगी विमानतळाला ज्वेल या खरेदी-संकुलात, म्हणजे बाहेर आहे, आणि इस्तंबूलला दोन्हीकडे खोल्या आहेत. दोन प्रवासांची तिकिटे वेगवेगळी असतील, तर सामान घेण्यासाठीही सहसा बाहेर पडावेच लागते, आणि तिथे गाडे पुन्हा व्हिसापाशीच अडते.

शटल बस फुकट असते, हेही लेखकाने गृहीत धरले आहे. लंडनच्या हीथ्रोला हॉटेलांकडे जाणाऱ्या हॉपा बसचे तिकीट काढावे लागते. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात तर अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्डच हवे होते. सौभाग्यवतींनी पर्समधून काढलेल्या नोटांकडे काउंटरवरच्या मुलाने ढुंकूनही पाहिले नाही. पहाटे निघणाऱ्यांना बांधून मिळणाऱ्या नाश्त्याचे लेखातले कौतुक मात्र रास्त आहे.