दिवा लागला नाही म्हणजे डीपीएफ ठीक आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं: रोज चार-पाच किलोमीटरच चालवलं तर डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो असा लेख लिहून मी डिझेल गाडी चालवणाऱ्यांना उगाच घाबरवलं. तुमचा वापर तसाच आहे आणि डीपीएफचा दिवा आजवर एकदाही लागलेला नाही. महिन्यातून एकदा हायवेला गाडी दामटली की फिल्टर साफ होतो. आणि एवढी कटकट वाटत असेल तर सरळ फिल्टर काढून टाकावा, हा इतरांना सल्ला.

आधी दिव्याचं बोलू, कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून फिल्टर साफ करण्याचं काम, सुरू झालं म्हणून बहुतेक गाड्यांत दिवा लागतच नाही. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक, शिवाय गाडी कशी चालली याचा हिशेब, यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काजळीचा अंदाज बांधतो आणि ठरावीक पातळी आली की गुपचूप काम सुरू करतो. दिवा लागतो तो हे प्रयत्न पुन्हापुन्हा अर्धवट राहून काजळी बरीच साठल्यावर. म्हणजे दिवा ही थकबाकीची नोटीस आहे, बिल त्याआधीच येऊन गेलेलं असतं. नोटीस आली नाही एवढ्यावरून बिलं भरली जातायत की तुंबलीयत, हे कळत नाही.

आता चार-पाच किलोमीटरच्या फेरीत काय घडतं ते बघा. ऑक्सिजनच्या साहाय्याने काजळी जळायला साधारण 600 अंश सेल्सियस लागतात. हळू चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर बऱ्याचदा 200 अंशांच्या आसपासच असतो. मोठ्या चढावर किंवा लांबच्या सलग प्रवासात तो तापतो आणि 250 ते 400 अंशांच्या टप्प्यात नायट्रोजन डायऑक्साइड थोडी थोडी काजळी जाळत राहतो. शहरी वापरात ही सोय जवळपास मिळत नाही. मग इंजिन मुद्दाम उशिरा जास्तीचं डिझेल सोडतं, ते फिल्टरआधीच्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) जळतं आणि तिथून फिल्टर तापतो. याला साधारण दहा ते वीस मिनिटं सलग लागतात, तीही इंजिन गरम झाल्यावर. तुमचं इंजिन पुरतं गरम होईपर्यंत तुम्ही पार्किंगमध्ये शिरलेले असता. चावी फिरवली की काम तिथेच थांबतं. पुढच्या वेळी सगळं पुन्हा तापवायचं, त्यासाठी पुन्हा डिझेल.

या जास्तीच्या डिझेलचाच माझ्या मते जास्त गंभीर परिणाम आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा फवारा सुटतो तेव्हा पिस्टन खाली गेलेला असतो. काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि रिंगांवाटे इंजिन ऑइलमध्ये उतरतात. पेट्रोल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं. डिझेलचं तसं नाही, ते उकळायलाच सुमारे 180 अंशांपासून पुढे लागतं. त्यामुळे ते ऑइलमध्ये साठत राहतं. ऑइल पातळ होतं, आणि टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) बेअरिंगपासून सगळे भाग त्याच पातळ ऑइलवर चालतात. "माझी गाडी ऑइल अजिबात पीत नाही, उलट पातळी वाढलेलीच दिसते" असं कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. ही कौतुकाची गोष्ट नाही! काही गाड्यांत जास्तीचं डिझेल सोडायला एक्झॉस्टमध्येच वेगळा इंजेक्टर असतो, त्यांना हा त्रास होत नाही. तुमच्या गाडीत तो नसेल, तर दिव्यापेक्षा डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) जास्त खरं बोलेल.

हायवेचा उपाय पूर्ण चुकीचा नाही, पण तुम्ही समजता तितका हमखास नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी काजळी ठरलेल्या पातळीच्या जरा खाली असेल, तर ईसीयू रिजनरेशन सुरू करणारच नाही. आणि उपयोग होतो तो सलग भाराचा, नुसत्या वेगाचा नाही. ॲक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा खेळ केला तर उलट काजळीच वाढते. टाकीत डिझेल रिझर्व्हला आलं असेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत.

महिन्यातला एक दिवस ठरवण्यापेक्षा गाडी स्वतः काम करत असते तेव्हा ओळखायला शिका. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर राहतात, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणं) चालेनासं होतं, स्क्रीनवरचा त्या क्षणाचा मायलेज एकदम पडतो, गरम धातूसारखा वास येतो, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. असं काही चालताना जाणवलं तर शक्य असेल तेव्हा घराला एक वळसा जास्त घाला. सुक्या गवतावर मात्र उभी करू नका. काजळी जोरात जळत असताना गाडी अचानक आयडलिंगला आणणंही फिल्टरला चांगलं नाही, कारण उष्णता वाहून नेणारा धूर कमी होतो आणि आतलं तापमान उसळतं.

फिल्टर काढण्याबद्दल फार लिहीत नाही. उत्सर्जनाचे नियम असलेल्या बहुतेक देशांत ते बेकायदा ठरतं, आणि जे कण तो अडवतो ते मागे चालणाऱ्याच्या छातीत जातात. शिवाय काजळी जास्त होण्याचं कारण इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) किंवा टर्बोमध्ये असेल, तर ते जागच्या जागीच राहतं.

एक मुद्दा मात्र तुमचा पूर्ण मान्य: गाडी विकताना रोजचं अंतर कोणी विचारत नाही, आणि दोष नंतर चालवणाऱ्यावर येतो. म्हणूनच तो लेख लिहिला होता.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदला, आणि कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ऑइलमधल्या ॲडिटिव्हची (ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांची) राख फिल्टरमध्ये साठते आणि कितीही हायवे केला तरी जळत नाही. स्कॅनर मिळाला तर काजळीचा आकडा आणि शेवटचं पूर्ण झालेलं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हेही वाचता येतं. दोन्ही आकडे इथे टाका, मग तुमच्याच गाडीवर बोलू.