"दहापर्यंत कितीही आवाज करा" म्हणे!

मोर्चाची तारीख जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. "हातातल्या भोंग्याला परवानगी लागत नाही. रात्री दहापर्यंत कितीही आवाज करा, तो घटनेने दिलेला हक्क आहे. तक्रारदार नसेल तर पोलीस काही करू शकत नाहीत. आणि आवाज चढवल्याशिवाय सरकार ऐकत नाही." पाठवणारे बहुतेक आपलेच, चळवळीतले. म्हणून तर उत्तर द्यायला हवं, कारण यावर विसंबून रस्त्यावर उतरलं की मोर्चा अडवायला पोलिसांना आयतं निमित्त मिळतं.

आधी परवानगीचं बघू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यातला पाचवा नियम म्हणतो, लाउडस्पीकर लेखी परवानगीशिवाय वापरायचा नाही. हातातला, रिक्षावरचा, खांबावरचा असा भेद त्यात नाही.

"दहापर्यंत कितीही" हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. दहा वाजता उघड्यावरचा भोंगा बंद करायचा, इतकंच ते. दिवसाची मर्यादा वेगळी आहे: निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात (रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्या आसपास) ५०. भोंगा लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. म्हणजे वस्तीत भर दुपारीही ६५ च्या वर नाही. आता बॅटरीवरचा साधा भोंगा घ्या. एक मीटरवर तो १०० डेसिबल सहज गाठतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, म्हणजे १६ मीटरवर, समोरच्या इमारतीच्या गॅलरीत, ७६ उरतात. दोन्ही बाजूंना इमारती असतील तर भिंतींवरून परतणारा आवाज आणखी वेगळा. "दहा डेसिबलने काय होतंय?" असं विचारणाऱ्यांसाठी: ७५ डेसिबलमध्ये ६५ च्या दहापट ध्वनिऊर्जा असते.

घटनेचा हक्क? सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे स्पष्ट केलंय. बोलायचा हक्क आहे, पण ज्याला ऐकायचं नाही त्याच्या कानावर आदळायचा नाही. त्यालाही कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. मिरवणुकीला बारा आणि मोर्चाला दहा, हे मलाही खटकतं. पण नियम तसा आहे.

तक्रारदाराचा मुद्दा तर साफ चूक. पोलीस ठाण्याच्या प्रमुखाच्या अहवालावरूनही आवाज थांबवण्याचा लेखी आदेश निघू शकतो.

राहिलं सरकारच्या कानाचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून रात्रीच आझाद मैदान गाठलं. दुसऱ्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं. २०१६ चे मराठा मोर्चे तर मूकच होते, आणि त्यांची दखल न घेण्याची एकाही पक्षाची छाती झाली नाही. भोंगा नकोच असं मी म्हणत नाही. हजारोंच्या गर्दीला रस्ता बदलल्याचं सांगायला तो लागतोच. पण न्यूयॉर्कमध्ये २०११ साली 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलनात, झुकॉटी पार्कात, ध्वनिवर्धकाची परवानगी नव्हती, तर वक्त्याचं एकेक वाक्य आजूबाजूचे लोक एकसुरात मागे पोचवायचे. सभा झाल्याच.

त्या मजकुरात खरं तर वेगळी गोष्ट हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह प्रकरणात, रस्त्यावरची सभा पोलिसांच्या निव्वळ मर्जीवर सोडायला नकार दिला. तेव्हा अर्ज वेळेत द्या, जागा, वेळ आणि भोंग्यांची संख्या लिहा, पोच घ्या. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. कोर्टात तोच कागद लागतो.