खोबरेल तेल ‘थेट यकृतात’ जात नाही

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे: खोबरेल तेलात मध्यम साखळीची मेदाम्लं असतात, त्यामुळे ते पित्ताशिवाय पचतं, थेट यकृतात जाऊन जळतं, अंगावर साठत नाही, कोलेस्टेरॉल वाढवत नाही. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे प्यावं, आणि पित्ताशय काढलेल्यांनी तर दुसरं तेल वापरूच नये. यातली बरीच विधानं खरी आहेत, पण ती दुसऱ्याच तेलाबद्दल. दवाखान्यात रुग्णांना एमसीटी, म्हणजे निव्वळ 8 आणि 10 कार्बनच्या मेदाम्लांचं, तेल देतात, त्याचे गुण इथे सरसकट खोबरेलाला चिकटवले आहेत.

‘थेट यकृतात जातं.’ मेदाम्लाच्या साखळीत 8 किंवा 10 कार्बन असतील तर ते आतड्यातून बहुतांशी रक्तात उतरतं आणि आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेने तिथे पोचतं, हे बरोबर. पण खोबरेलात अशी मेदाम्लं, म्हणजे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक मिळून, जेमतेम 12 ते 15 टक्के. जवळजवळ निम्मं तेल लॉरिक आम्लाचं आहे. त्यात 12 कार्बन. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत ते ‘मध्यम’ गणतात आणि गल्लत इथेच होते, कारण शरीर त्यातलं बरंचसं लांब साखळीच्या वाटेनेच नेतं.

ती वाट अशी. लहान आतड्यात पित्तक्षार तेलाचे बारीक थेंब करतात. स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तीन मेदाम्लं जोडलेल्या चरबीच्या रेणूच्या, कडेची दोन मेदाम्लं तोडतं. सुटलेले तुकडे पित्तक्षारांच्या सूक्ष्म गोळ्यांमधून (मायसेल) आतड्याच्या अस्तराशी येतात, पेशीत शिरतात, आणि आत पुन्हा ट्रायग्लिसराइड जुळतं. त्यावर फॉस्फोलिपिड, थोडं कोलेस्टेरॉल आणि एपोबी-48 हे प्रथिन चढलं की कायलोमायक्रॉन, म्हणजे चरबी वाहून नेणारा कण, तयार. हे कण रक्ताच्या केशवाहिन्यांत शिरण्याच्या मानाने फार मोठे, म्हणून ते लसिकावाहिन्यांत (लसिका या पातळ द्रवाच्या, रक्ताहून वेगळ्या नळ्यांत) जातात, छातीतल्या थोरॅसिक डक्ट या मुख्य लसिकावाहिनीतून वर चढतात आणि मानेच्या बुडाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात. म्हणजे यकृत बाजूलाच राहिलं. आधी स्नायू आणि मेदपेशी आपला वाटा घेतात. उरलेला अवशेष तेवढा यकृतात येतो. तेलकट जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्त तपासायला दिलं तर वरचं सीरम दुधाळ दिसतं, ते याच कणांमुळे.

‘पित्त लागत नाही, म्हणून पित्ताशय काढलेल्यांना उत्तम.’ वरची वाट पित्ताशिवाय नीट चालत नाही. आणि पित्त बनतं यकृतात; पित्ताशय ते फक्त साठवून दाट करतं. पित्ताशय काढल्यावर पातळ पित्त आतड्यात सतत झिरपत राहतं, जेवणाच्या वेळी एकदम सुटत नाही. त्यामुळे थोडंथोडं तेल दिवसभरात पचतं, कुठलंही असो. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 27 ग्रॅम तेल रिकाम्या पोटी एकदम घेतलं तर पोट फुगणं आणि जुलाब होण्याची शक्यता जास्त. सल्ला नेमका उलटा आहे.

‘साठत नाही.’ त्या 27 ग्रॅममधून सुमारे 240 कॅलरी मिळतात. गरजेपेक्षा जास्त झाल्या की साठतात.

‘कोलेस्टेरॉल वाढत नाही.’ तेलात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, पण त्यातली सुमारे 90 टक्के चरबी संपृक्त आहे, आणि अशी चरबी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून नेण्याची यकृताची क्षमता घटवते. ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात 2020 साली 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला: खोबरेल घेणाऱ्यांचं एलडीएल सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारखी तेलं घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दर डेसिलिटर रक्तामागे 10 मिलिग्रॅमने जास्त होतं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, तेही 4 मिलिग्रॅमने वाढलं, पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. एचडीएल वाढवणाऱ्या औषधांनी हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत.

हुमणातल्या (नारळाच्या वाटणाच्या कालवणातल्या) नारळावर हा रोख नाही. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे 33 ग्रॅम चरबी असते, पण सोबत 9 ग्रॅम तंतू असतात, आणि ते वाटण घरभर वाटलं जातं. सकाळचं तेल मात्र त्या वाटणाच्या जागी येत नाही, त्यात भर घालतं.

खरा धोका वेगळ्या रुग्णांना आहे. छातीच्या किंवा मानेच्या शस्त्रक्रियेत थोरॅसिक डक्टला इजा झाली की दुधाळ लसिका गळू लागते. तेव्हा नेहमीचं तेल-तूप तोडून एमसीटी तेल देतात, कारण ते लसिकेत जवळजवळ जातच नाही. घरच्यांनी ‘तेच ते’ म्हणून खोबरेल दिलं तर लॉरिक आम्ल पुन्हा त्याच वाहिनीत जातं आणि गळती चालू राहते. एमसीटी तेलाच्या बाटलीवर फक्त कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्ल लिहिलं आहे ना, हे पाहून घ्या. घटकांत लॉरिक दिसलं तर ती बाटली परत करा. एमसीटी तेल तळायला वापरू नका, आणि त्यात लिनोलेइकसारखी आवश्यक मेदाम्लं नसल्याने ते किती दिवस चालवायचं हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.