तक्रार निकाली, दिवा बंद

एका बाईंनी रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी सात वेळा तक्रार केली आणि सातही वेळा आम्ही ती निकाली काढली. दिवा एकदाही लागला नाही. मी तेव्हा एका नगरपालिकेच्या तक्रार कक्षात होतो (कुठल्या ते विचारू नका, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगू नका) आणि सातव्यांदा ती तक्रार बंद करणारं बटण मी स्वतः दाबलं होतं. तेव्हा पुढचं सगळं लिहिणारा माणूस कुंपणाच्या आतलाच आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

झालं असं. दिव्याची तक्रार आली की ती आपोआप दिव्यांच्या ठेकेदाराकडे जायची. मुदत तीन दिवस. त्याचा माणूस शिडी घेऊन जायचा, दिवा बदलायचा, फोटो काढून चढवायचा. फोटो दुपारी बाराचा. भर उन्हात दिवा पेटतोय की नाही, कोण बघतंय? फोटोत नवा दिवा दिसला की स्क्रीनवरचं लाल हिरवं व्हायचं. त्या एका खांबावर वर्षभरात सात नवे दिवे चढले.

मग बाई ऑफिसात आल्या. निवृत्त शिक्षिका. आवाज चढवला नाही, मोबाइल पुढे धरला फक्त. "साहेब, तुमचा मेसेज आलाय की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं. समाधान कोणाचं झालं तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा जागेवर गेलो. दिव्यात दोष नव्हताच. पाण्याची लाइन टाकताना खालची केबल तुटली होती. केबल विद्युत विभागाची. ती जोडायची तर रस्ता खोदायला हवा, आणि रस्ता बांधकामचा, नुकतंच डांबरीकरण झालेला, हमीच्या मुदतीतला. खोदला की रस्त्याचा ठेकेदार हात वर करणार, म्हणून बांधकामवाले परवानगी देईनात. पाणीवाले म्हणाले, आम्हाला केबलचा नकाशा दिलाच नव्हता. खरं होतं ते, नकाशा कोणाकडेच नव्हता. दिव्याच्या ठेकेदाराच्या करारात फक्त दिवा, केबल नाही. मी चार टेबलं फिरलो. चौघंही आपापल्या जागी बरोबर होते. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी टाळाटाळ केली नाही. एकाने तर चहासुद्धा पाजला.

कारभार का बिघडतो म्हटलं की आपण भ्रष्टाचार, राजकारण्यांची ढवळाढवळ, रिकामी पदं यांवर येतो. ती आहेतच, नाकारत नाही. पण त्यातलं एकही कारण त्या खांबापाशी नव्हतं. तिथे होतं ते इतकंच, की आमचं ऑफिस कागदाचा प्रवास मोजत होतं आणि अंधार मोजायला कोणी नव्हतं. आठवड्याच्या बैठकीत साहेबांपुढे आकडा जायचा: मुदतीत निकाली किती टक्के. आकडा घसरला की बोलणी. आता सांगा, तुटलेल्या केबलच्या मागे लागून महिनाभर तक्रार उघडी ठेवणारा शहाणा, की दिवा बदलून ती बंद करणारा? आमच्याकडे पहिल्याला खुलासा द्यावा लागायचा.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००४ च्या सुमारास उद्दिष्ट ठेवलं, की तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लागला पाहिजे: दाखल करा, दुसरीकडे पाठवा, नाहीतर घरी सोडा. ताटकळणं खरोखर कमी झालं, ते श्रेय द्यायलाच हवं. पण नोंदी मांडून पाहिल्यावर दिसलं की चार तास भरायला शेवटची काही मिनिटं उरली असताना निर्णयांचा एकदम डोंगर उभा राहतो. आजार काही घड्याळ बघून बरा होत नाही. घड्याळ बघत होते ते कर्मचारी, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बघितलं असतं.

फ्लिंटचं प्रकरण मात्र वाचताना अंगावर काटा येतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे शहर कर्जात बुडालेलं, कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती. पैसे वाचवायचे म्हणून एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून शहराच्या नदीचं पाणी सुरू केलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची असते ती केलीच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं घरोघरच्या नळात आलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत जात होते आणि वरून उत्तर येत होतं, पाणी निकषांत बसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजायला लागले. लोखंडाची तक्रार चालली, माणसांची चालली नाही. पुढच्या वर्षीच्या तपासणीत ७१ नमुने होते. त्यातले जास्त शिसं असलेले दोन नियमावर बोट ठेवून वगळले. उरले ६९, आणि शहराचा आकडा १५ पीपीबीच्या (अब्ज भागांत १५ भाग शिसं) मर्यादेच्या खाली आला. अहवाल स्वच्छ, नळ तसाच. मूळ पाणी परत यायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. हे वाचताना मला तो दुपारी बाराचा फोटो आठवत राहतो.

मग मोजणंच सोडायचं का? अजिबात नाही. मोजणी नव्हती तेव्हा तक्रारीचा कागद टपालातून टोपलीत जायचा आणि पोच मागणाऱ्याला उद्धट म्हणायचे. तो काळ मला नको.

अमेरिकेतच बाल्टिमोर शहरात २००० मध्ये महापौर मार्टिन ओमॅली यांनी 'सिटीस्टॅट' नावाची बैठक सुरू केली. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९४ च्या 'कॉम्पस्टॅट'वरून, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारायच्या बैठकीवरून, घेतलेली. साधारण दर दोन आठवड्यांनी एकेका खात्याचा प्रमुख उभा राहणार आणि ओव्हरटाइम, गैरहजेरी, तक्रारी सगळ्यांचे आकडे भिंतीवर. पुढे बऱ्याच शहरांनी ती भिंत उचलली, डॅशबोर्ड टांगले, लाल-पिवळे-हिरवे रंग आणले. माझ्या मते खरी गंमत भिंतीवर नव्हती, खुर्च्यांवर होती. त्याच खोलीत वित्त, मनुष्यबळ, कायदा या खात्यांची माणसंही बसलेली असत. "ते आमच्याकडे येत नाही, त्यांच्याकडे येतं" असं म्हणायची सोय नाही, कारण 'ते' समोरच बसलेत. आमच्याकडे स्क्रीन आली, ही खोली आली नाही. विद्युत, पाणी आणि बांधकाम यांचे अभियंते एकाच मजल्यावर बसायचे आणि एकमेकांना पत्रं लिहायचे. तीही आवक-जावकमार्गे.

माझ्या हातात असतं तर तक्रार बंद करायचं बटण मी ऑफिसातून काढून तक्रारदाराच्या फोनवर दिलं असतं. काही जण सूड म्हणून बंद करणार नाहीत, मान्य. त्यासाठी दर महिन्याला शंभरातल्या पाच तक्रारी कोणीतरी जागेवर जाऊन पाहाव्यात, दिव्याच्या असतील तर रात्री. आणि एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की ती ठेकेदाराकडे न जाता एका नावावर जावी. खात्याच्या नव्हे, माणसाच्या नावावर. त्याला चार टेबलांवर हुकूम चालवायचा अधिकार हवा आणि किरकोळ खर्चाची मुभा हवी. नाहीतर तो नुसता पाचवा टेबलवाला होईल. नेमकं हेच कोणी देत नाही. खर्चाची मुभा दिली की उद्या चौकशी लागेल, ही भीती वरपासून खालपर्यंत मुरलेली आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही.

कारण तो दिवा शेवटी लागला. विद्युत विभागातला एक कनिष्ठ अभियंता बदलीवर निघाला होता. जायच्या आदल्या दिवशी त्याने शेजारच्या खांबावरून वरूनच वायर ओढून दिली. ना अंदाजपत्रक, ना मंजुरी. बाईंचा फोन आला, "लागला हो!" पुढच्या लेखापरीक्षणात त्या वायरीवर आक्षेप निघाला: विनामंजुरी काम, साहित्याची नोंद नाही. मी तीनदा खुलासा पाठवला. मी ती खुर्ची सोडली तेव्हाही आक्षेप प्रलंबितच होता.