वारा पडला की लाईट जाते म्हणे!

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, तो तुमच्याही ग्रुपवर फिरत असणार. पवनचक्की म्हणजे शोभेचा पंखा, वर्षातले नऊ महिने बंद, वारा पडला की अंधार, मागे कोळसा जाळावाच लागतो, टेक्सासमध्ये पंखे गोठले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. खाली हेलिकॉप्टरने पंख्यावरचा बर्फ काढतानाचा फोटो आणि त्याखाली सतरा अंगठे. मी साताऱ्याच्या पठारावर पवनचक्कीच्या साईटवर कंट्रोल रूममध्ये सहा वर्षं शिफ्ट केल्यात, त्यामुळे गप्प बसवेना. मामा, राग मानू नका.

आधी ते नऊ महिने बंद. हे कुठून आलं तेही सांगतो. पवनचक्की वर्षभर फुल ताकदीने चालली असती तर जेवढी वीज झाली असती त्याच्या साधारण २०-२५ टक्के वीज आपल्याकडे प्रत्यक्षात होते, आणि कोणीतरी हुशाराने त्याचा अर्थ लावला की उरलेला सगळा वेळ मशीन बंद. असं नसतं ओ. वारा सेकंदाला ३ मीटरच्या आसपास गेला की मशीन वीज द्यायला लागतं, फुल लोड येतो ११-१२ मीटरला, मधल्या सगळ्या वेळात ते चालूच असतं, २ मेगावॅटचं मशीन कधी ३०० किलोवॅट देतंय कधी ९००. २२ टक्के धरले तरी असं एक मशीन वर्षाला ३८ लाख युनिट काढतं, महिन्याला १०० युनिट जाळणारी तीन हजारावर घरं झाली की!

आता वारा पडला की अंधार. वारा पडतो, खोटं कशाला बोलू, आणि वारा निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी नाही आठव्या हिश्श्यावर येते, स्क्रीनवर आकडे घसरताना बघून पोटात गोळा यायचा सुरुवातीला. पण सगळी मशीनं एका क्षणी थांबत नाहीत, आणि उद्या किती वीज येणार ते आदल्या दिवशीच सांगावं लागतं, दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक, प्रत्येकाचा अंदाज, लई चुकला तर दंड. उलट औष्णिकचा ५०० मेगावॅटचा संच बॉयलरची ट्यूब फुटली की एका झटक्यात बाहेर जातो, तो काय आदल्या दिवशी कळवत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, कोळसा असून काय करता. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या ते कळवा-पडघ्याच्या विजेच्या लाईन गेल्या म्हणून, आणि जुलै २०१२ ला निम्मा देश अंधारात गेला तेव्हाही वाऱ्याचं नाव कुठे नव्हतं.

मागे दुसरं काहीतरी लागतं हे मात्र खरंय. पण ते कोळसाच असलं पाहिजे असं कोणी सांगितलं? पाटण तालुक्याचा नकाशा बघा, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्याच तालुक्यात कोयना. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, संच मिनिटांत लोडवर येतो, पण वीज करून पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय, म्हणजे ते जपूनच वापरायचं. वारा चालू असताना पाणी अडवून ठेवा, वारा पडला की सोडा. डेन्मार्क निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर काढतं त्यातही हीच गंमत आहे, शेजारी नॉर्वे-स्वीडनची धरणं आहेत.

आणि आपला वारा लहरी असला तरी त्याचं कॅलेंडर ठरलेलं आहे. मे संपता संपता सुरू होतो, जून ते ऑगस्ट नुसता धिंगाणा, वर्षाच्या विजेतला मोठा वाटा त्यातच, आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळे सोलर मार खातं. सडावाघापूरला उलट्या धबधब्याचे रील काढायला जाता ना, कड्यावरून पडणारं पाणी वर उडवतो तोच हा वारा. (पवनचक्क्या ढग पळवतात म्हणणाऱ्यांनी त्या वेळी तिथे छत्री उघडून दाखवावी.) दिवाळीच्या आसपास मात्र पठार सुन्न असतं, ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळी विजेची मागणी चढते तेव्हा वाऱ्याचा काही उपयोग नाही. एकट्या वाऱ्यावर महाराष्ट्र चालवा असं साईटवरचा वॉचमनसुद्धा म्हणणार नाही.

टेक्सासचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२१ ला पंखे गोठले होतेच, पण बंद पडलेल्यात सगळ्यात मोठा वाटा गॅसचा होता, विहिरी आणि पाईपलाईनसकट. हेलिकॉप्टरचा फोटो तर स्वीडनमधला, त्याच्या कित्येक वर्षं आधीचा. फॉरवर्डवाल्याला खरंच मुद्दा हवा होता तर सप्टेंबर २०१६ चं दक्षिण ऑस्ट्रेलिया घ्यायचं, तिथे वादळात विजेच्या लाईनचे टॉवर पडले आणि पाठोपाठ पवनचक्क्या स्वतःच्या सेटिंगमुळे ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, सोडून गेल्या. ती चूक होती, सेटिंग बदलल्या.

आमच्याकडे काय होतं ते सांगू? जुलैची रात्र, धुकं एवढं की दारातली जीप दिसेना, वारा १४ मीटर, सगळी मशीनं फुल लोडवर, आणि दीडच्या सुमारास ३३ केव्हीची लाईन ट्रिप. ग्रिड गेलं की आमच्या मशीनला थांबावंच लागतं, पाती वळवून वारा सोडून देतात. इन्व्हर्टर अडीचला संपला आणि आम्ही दोघं पवनचक्क्यांच्या मधोमध मेणबत्ती लावून बसलो. खालच्या वाडीतून फोन, "एवढं वारं सुटलंय आन पंखं का बंद वो?" सकाळी वायरमनला सापडलं, एका पोलवरची चिमणी, म्हणजे तार पेलणारा चिनी मातीचा इन्सुलेटर, तडकलेली. लाईन चार्ज व्हायला दुपार झाली, वारा तोपर्यंत १४ च्या खाली आला नव्हता.