९२ म्हणजे निम्मं

"होड्या आल्यात," मंद्या म्हणाला आणि कटिंगचा ग्लास पायरीवर ठेवला.

कुठल्या होड्या, कुठे आल्या, हे कुणी विचारलं नाही. पक्याने फक्त "कधी?" केलं, मंद्या "नोव्हेंबरात" म्हणाला आणि विषय सगळ्यांना पोचला. शिऱ्यालाही पोचला होता, पण त्याला तो पोचवून घ्यायचा नव्हता. "मांडव्याच्या का?" त्याने विचारलं. कुणीही हसलं नाही.

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत कायम बंद असलेल्या एका शटरची पायरी. समोर टपरी. याच शटरच्या आत २००६-०७ साली सायबर कॅफे होता. तासाला १५ रुपये, चपला बाहेर. रूनस्केप, म्हणजे ज्यात आता होड्या आल्यात तो ऑनलाइन गेम, तेव्हा जावाच्या जोरावर ब्राउझरमध्येच चालायचा. इन्स्टॉल काहीच करावं लागत नसे, त्यामुळे कॅफेवाल्याचीही कुरकुर नसे. आम्ही अकरावीत होतो. थोडक्यात, ज्या पायरीवर बसून आम्ही गेमकडे परत जायचं की नाही यावर वाद घालत होतो, तिच्यापासून तो गेम पाठीमागे फार तर आठ फुटांवर होता. मध्ये एक गंजकं शटर.

"मग? सुरू करतोयस?" मी विचारलं.

"विचार करतोय," मंद्या म्हणाला. हे म्हणताना त्याचा अंगठा मांडीवर पालथ्या ठेवलेल्या फोनकडे गेला आणि परत आला. केतकीने ते पाहिलं. बोलली नाही.

शिऱ्या सरसावून बसला. शिऱ्या म्हणजे आमच्यातली चालती-बोलती एसआयपी. वाढदिवसाच्या केकवर सुरी ठेवताना हा "हेच पाचशे रुपये २०१२ साली गुंतवले असते तर" काढतो. मनगटावर घड्याळ कसलं, अख्खी पॅथॉलॉजी लॅब बांधलीय. पावलं, झोप, श्वास, सगळं मोजून ठेवतो. आणि उपदेश करायचा असला की टोपणनाव सोडून पूर्ण नावावर येतो.

"मंदार, तुझ्या एका तासाची किंमत काय?"

"पूर्वी पंधरा रुपये होती," मंद्या म्हणाला.

"गंमत नाही करत. गेममधलं एक स्किल शेवटच्या लेव्हलला, ९९ ला, न्यायला किती पॉइंट लागतात?"

"एक कोटी तीस लाख चौतीस हजार चारशे एकतीस," चौघं एकदम म्हणाले. चौघांत शिऱ्याही होता. तोंडातून निघून गेलं आणि मग तो खोकला.

"विलोच्या झाडाचं एक लाकूड तोडलं की साडेसदुसष्ट पॉइंट," केतकी म्हणाली. "भाग."

शिऱ्याने फोनवर भागलं. १,९३,१०३. तो आकडा त्याने सगळ्यांना फिरवून दाखवला, लग्नात अंगठी दाखवतात तसा. "एक लाख त्र्याण्णव हजार लाकडं! पिशवीत मावतात अठ्ठावीस. म्हणजे सहा हजार नऊशे खेपा. झाड ते बँक, बँक ते झाड. एवढ्यात खरी आरा मिल उभी राहिली असती रे."

"आणि शेवटी मिळतं काय?" पक्याने तेल ओतलं.

"केप," मंद्या म्हणाला. "पाठीवर घालायची. ९९ असल्याशिवाय घालता येत नाही."

"फुकट?"

मंद्या गप्प.

"फुकट का?"

"९९ हजार नाणी."

शिऱ्या अक्षरशः उठून उभा राहिला. "म्हणजे सत्काराची शाल सत्कारमूर्तीनेच विकत आणायची?"

"खाली बस," केतकी म्हणाली. "आपल्याकडे निम्मे सत्कार असेच होतात. फक्त नारळ वेगळा लावतात."

टपरीवाल्या काकांनाही हसू फुटलं. त्यांना गेमचं काही कळत नाही, पण गेल्या वर्षी कुठल्याशा मंडळाने त्यांचा 'कष्टकरी गौरव' केला होता आणि त्याआधी त्यांच्याकडून पावती फाडली होती.

हसणं ओसरल्यावर मंद्या जे बोलला ते मला अजून आठवतंय. तो सहसा तीन वाक्यांच्या वर बोलत नाही. "तीन वर्षं झाली, अप्रेझलला तोच शेरा. अपेक्षेप्रमाणे काम. अपेक्षा काय होत्या ते विचारलं तर म्हणतात, त्या बदलत असतात. तिथे निदान आकडा आधी सांगतात. एक कोटी तीस लाख. २००७ साली तेवढाच होता, आजही तेवढाच आहे. मधेच येऊन कुणी सांगत नाही की यंदा मार्केट डाऊन आहे, तुझी बावीस लाखच धरू."

शिऱ्याकडे यावर उत्तर होतं. शिऱ्याकडे कायम असतं. "हाच तर ट्रॅप आहे. मेंदूला खोटं बक्षीस. सुरुवातीला लेव्हल भराभर चढतात, मग बघ. ९२ ला पोचलास की वाटतं आलंच, आणि तेव्हा कुठे निम्मं झालेलं असतं. पंचाण्णव लाख लोकांना हे कळत नाही." हे पंचाण्णव लाख त्याने कुठून आणले ते विचारू नका. शिऱ्याचे आकडे घरचे असतात. "त्यापेक्षा माणसाने स्वतःची मालमत्ता उभी करावी. मी बघ."

इथे त्याने चूक केली. केतकी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसते.

"तुझं कर्ज वीस वर्षांचं ना रे, शिऱ्या?"

"हो."

"साडेआठ टक्के?"

"साधारण."

"किती वर्षं झाली?"

"सहा. का?"

तिने पर्समधून फोन काढला. दोन मिनिटं नुसती टिकटिक. आम्ही चहा पीत राहिलो. शिऱ्या एकदा तिच्या स्क्रीनकडे वाकला, तिने कोपर लावून त्याला मागे केलं.

"सहा वर्षांत तुझं मुद्दल फिटलंय पंधरा टक्के. बाकी सगळं व्याज. आता एक कोटी तीस लाखाचे पंधरा टक्के म्हणजे साडेएकोणीस लाख. ८० ची लेव्हल लागते एकोणीस लाख शहाऐंशी हजाराला." तिने मान वर केली. "शिऱ्या, तू ७९ वर आहेस. ८० पण नाही लागलेली."

पक्या पायरीवरून घसरायचाच बाकी होता.

"आणि निम्मं मुद्दल फिटायला तुला लागणार जवळजवळ चौदा वर्षं. चौदा वर्षं हप्ते भरायचे, सहा उरलेली असतील, आणि तेव्हा कुठे निम्मं. तेच तुझं ९२. तुला वाटतं ट्रॅप फक्त गेम बनवणाऱ्या केंब्रिजवाल्यांनाच बनवता येतो?"

"पण माझा फ्लॅट खरा आहे!" शिऱ्या म्हणाला.

"आहे ना. शेवटी केप मिळते. ती पण तुझ्याच पैशांची."

मी केतकीच्या बाजूचा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. बारावीला तिने मला अकाउंट्समधून पास करवलं होतं. पण त्या क्षणी बिचाऱ्या शिऱ्याचाही चेहरा बघवत नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता, आणि घड्याळाने बहुधा त्याला सांगितलं असावं की ठोके वाढलेत, बसा.

त्याने मोर्चा परत मंद्याकडे वळवला. दुखावलेला माणूस कमजोर गडी शोधतो. "बरं, तू परत जाणार म्हणजे कुठे जाणार? तुझी ती ६० ची लेव्हल कुठे आहे माहितीय का?"

आता ही साठची लेव्हल. वुडकटिंग, म्हणजे झाडं तोडायचं स्किल, ६० झालं की यू नावाचं झाड तोडता येतं. मंद्याचं ६० झालं त्या दिवशी त्याने कॅफेतल्या सगळ्यांना वडापाव दिला होता, ओळख नसलेल्या दोघांनासुद्धा. एकूण ९९ च्या हिशेबात ६० म्हणजे जेमतेम दोन टक्के, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि बरं झालं. पण शिऱ्याचा मुद्दा बिनतोड होता. जुनं खातं जिथे आहे तो गेम पुढे बदलत बदलत भलताच झाला. आणि होड्या आल्यात त्या ओल्ड स्कूलमध्ये, म्हणजे जुन्या रूपातल्या वेगळ्या गेममध्ये. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये वेगळा काढला, ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून. झाडं तीच, बँक तीच, गाणी तीच. पण प्रत्येकाने शून्यापासून सुरुवात करायची.

"म्हणजे ६० गेलं," शिऱ्या म्हणाला. "परत ब्राँझची कुऱ्हाड."

"माहितीय मला," मंद्या म्हणाला. "तरी तेच आहे ना सगळं. ड्रेनॉरच्या बँकेमागची विलोची झाडं तिथेच आहेत. मी बघितली."

"कधी बघितलीस?" मी विचारलं.

"व्हिडिओत."

केतकीचा आवाज यावेळी चढला नाही. "मंद्या, खेळायचं तर खेळ. पण तो गेमचा बॅकअप होता. आपला कुणी घेतला नव्हता."

यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. काकांनी स्टोव्हला पंप मारला. गल्लीतून कुणाची तरी बाईक गेली.

असल्या शांततेचा पक्याला त्रास होतो. "लॉबस्टर आठवतात का?" तो म्हणाला. "तीस नाणी दिली की पोर्ट सॅरिमवरून बोट करामजाला. तिकडे बँक नाही. पिशवी लॉबस्टरनी भरली की परत तीस नाणी, परत बोट, मग ड्रेनॉरपर्यंत चालत. आणि नेमकं बोटीत बसलो की लोडशेडिंग."

"तुझ्याकडे तीस नाणी कधीच नसायची. माझ्याकडून घ्यायचास," केतकी म्हणाली.

"आता स्वतःच्या बोटीने जाऊ. होड्या आल्यात ना."

"होड्या मेंबर लोकांना. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या घरात क्रेडिट कार्ड होतं? आता आहे, तर शिऱ्या हिशेब मागतो."

"कार्ड नको असेल तर बॉन्ड घेता येतो," मंद्या म्हणाला. "गेममधल्या पैशांतून. तेवढे पैसे आत कमवायचे की चौदा दिवसांची मेंबरशिप होते."

"म्हणजे राबायला आत जाता यावं म्हणून आधी आत राबायचं," केतकी म्हणाली. "लोकलचा पास बरा की रे याच्यापेक्षा."

"लोकलमध्येच खेळणार आहे. मोबाईलवर २०१८ पासून आहे. झाड एकदा टॅप केलं की झालं."

"तुझ्या आठ-सातच्या फास्टमध्ये? खिशातून हात बाहेर निघतो का? ठाण्याला हात काढलास तर तो दादरला परत मिळतो."

मंद्या हसला, आणि हसता हसता अंगठा फोनवर टेकवून घेतला. यावेळी मीही नीट पाहिलं. फोन पालथा नव्हता. उजेड कमी केलेल्या स्क्रीनवर हिरवट काहीतरी हललं.

"विचार करतोय म्हणे," केतकी म्हणाली. "किती झालं?"

"कशाचं किती?"

"मंद्या."

"…चौतीस."

एकच गोंधळ. गेल्या आठवड्यापासून चालू होतं म्हणे. म्हणजे हा मनुष्य तासभर आमचं मत घेत होता आणि मत घेता घेता झाड तोडत होता. शिऱ्याने कपाळाला हात लावला. पक्या मात्र फोन हिसकावून स्क्रीनवर वाकला होता. "अंगावर काय घातलंयस हे? आर्मर कुठाय?"

एवढं बोलून तो थांबला, पण उशीर झाला होता.

"आर्मर कुठाय ते तू विचारतोस?" मंद्या म्हणाला. मघाचा शांत मंद्या नव्हे हा. "तू?"

नवीन वाचकांसाठी नाही, कारण असा कुणी उरलेला नाही, पण नोंद राहावी म्हणून सांगतो. २००७ च्या दिवाळीच्या सुट्टीत मंद्याकडे रूनच्या आर्मरचा, म्हणजे चिलखताचा, पूर्ण संच होता. एका भल्या खेळाडूने त्याला सांगितलं, दे इकडे, फुकटात ट्रिम करून देतो, सोनेरी किनार येईल. मंद्याने दिला. भला खेळाडू गायब. मंद्या तीन नंबरच्या मशिनवर रडवेला बसलेला, आणि भला खेळाडू सात नंबरच्या मशिनवर, भेळ खात. दोन आठवड्यांनी पक्या तोच संच घालून गेममधल्या वॅरॉक शहराच्या चौकात फिरताना सापडला.

"अरे, मी परत देणार होतो," पक्या म्हणाला. हे तो अठरा वर्षं म्हणतोय. "पण २ जानेवारी २००८ ला त्यांनी फुकट देवाणघेवाणच बंद केली. नियमच आला. आईशपथ, माझा नाइलाज होता."

"१ फेब्रुवारी २०११ ला परत सुरू केली," केतकी म्हणाली.

"काय?"

"देवाणघेवाण. २०११ ला परत सुरू झाली. पंधरा वर्षं होत आली पक्या. आणि आता तुझं राहिलंय काय, मुद्दल का व्याज?"

शिऱ्याला संध्याकाळभरात पहिल्यांदाच मनापासून हसू आलं, आणि त्याने लगेच फोन काढून बारा टक्क्यांनी चक्रवाढ लावायला घेतली. कुणीतरी सांगितलं की रूनच्या संचाची किंमत रुपयांत काढता येत नाही. तो म्हणाला, भेळेपासून सुरुवात करू.

काका बिल घेऊन आले. एकशे चाळीस. ज्याचं रहस्य फुटलं त्याने द्यायचं, असं एकमताने ठरलं, आणि मंद्याने निमूट पाचशेची नोट काढली. काकांकडे सुट्टे नव्हते.

पक्या उठला, पॅन्ट झटकली आणि हात पुढे केला. "दे इकडे. कोपऱ्यावरून आत्ता सुट्टे करून आणतो."

मंद्याने नोट पुढे केली. पक्याने दुसरं टोक धरलं.

"मंद्या," केतकी म्हणाली, "सोडू नकोस."